कप्तानाच्या तुती

आमच्या सेलेदोनियोकाकांना कुणी नुसतं ‘कसं काय चाललंय’ विचारलं, तरी त्यांचं उत्तर चारशे वर्षं मागून निघायचं. कप्तान खेरोनिमो आबेइता दक्षिणेकडून बैलगाड्या घेऊन नदीकाठाने वर आला, त्याचा मुलगा अमुक, त्या अमुकचा तमुक, असं करत काका स्वतःपर्यंत पोचायचे आणि मग म्हणायचे, “बरं चाललंय.” टपालवाल्याला हे ऐकावं लागे, विजेचं मीटर बघायला येणाऱ्याला ऐकावं लागे. एकदा वाट चुकलेलं एक जर्मन जोडपं अंगणात आलं. त्यांना स्पॅनिशचा गंध नव्हता, पण ती दोघं शेवटपर्यंत उभी राहिली. जर्मन लोकांवर संस्कार असतात, असं काका पुढे कितीतरी वर्षं सांगत होते.

मी त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी, नार्सिसा. शाळेची बस चालवते. सांता रुफिनाच्या वरच्या वाडीत काकांचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एक जर्दाळूचं झाड तेवढं आहे. माझे वडील एलिहियो मी लहान असतानाच गेले. वसंतात पाटातला गाळ काढायला सगळं गाव उतरतं, तेव्हा फावडं मारता मारता ते खाली बसले, “डोकं” एवढंच म्हणाले आणि पुन्हा उठले नाहीत. ऊन लागलं, असं सगळ्यांनी ठरवलं. मार्च महिना होता, डोंगर पांढरे होते, आणि गाळ काढणारे कोट घालून उभे होते. पण ऊन लागलं म्हणाले म्हणजे लागलं. काकांनी मला बापाची उणीव भासू दिली नाही. वंशावळही माफ केली नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी एर्लिंडा. माझ्याहून थोडी मोठी. एकोणीस वर्षांची असताना तिला पहिली आकडी आली. आधी तिला साखर जळल्याचा वास यायचा. मग ती बोलता बोलता थांबायची, डोळे उघडे पण आत कुणी नाही, उजव्या हाताने ब्लाउजचं वरचं बटण चाचपत राहायची, ओठ चघळत राहायची. कधी एवढ्यावरच भागायचं. कधी मात्र ती ताठ होऊन कोसळायची, आणि पुढचं बघवायचं नाही.

हे कुठून आलं, याबद्दल काकांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. काकू, उबाल्दिना, पलीकडच्या खोऱ्यातल्या ताफोयांची. तिचा एक मामा म्हणे घोड्यावरून पडला होता.

“अहो, तो प्यायलेला होता,” काकू म्हणायची.

“प्यायलेलाही पडतो आणि आकडीवालाही पडतो. पडला ना? खाण तशी माती.”

काकू रस्सा ढवळत राहायची. रस्सा त्या दिवशी जरा जास्त तिखट व्हायचा, एवढंच.

तालुक्याच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या. पहिल्या गोळ्यांनी एर्लिंडाच्या हिरड्या सुजल्या. दुसऱ्यांनी केस गळले. तिसऱ्यांनी ती इतकी फुगली की तिचे सगळे कपडे माझ्याकडे आले. चौथ्यांनी तिचा स्वभाव असा फिरला की ती काकांना समोरासमोर उत्तरं देऊ लागली. त्या गोळ्या काकांनी आठवड्याभरात बंद करायला लावल्या. आकड्या मात्र आपल्या जागी. डॉक्टर दर वेळी तेच विचारायचा, “गोळ्या नियमित घेतेस ना?” ती हो म्हणायची. तो मान डोलवायचा, आणि त्या डोलवण्यात ‘नाही घेत’ असं लिहिलेलं असायचं. एकदा डोक्याचा फोटोही काढला होता, जुन्या यंत्रावर. काही दिसलं नाही. मग तर तिचंच काहीतरी चुकतंय हे पक्कं झालं.

अशी वीस वर्षं गेली. फिलिबेर्तो नावाचा बरा मुलगा तिला बघून गेला होता, तो दुसरीला बघायला गेला. एर्लिंडाने गाडी चालवायची नाही, विस्तवाजवळ एकटीने जायचं नाही, पाटाच्या कडेने फिरायचं नाही. उरलं काय, तर घर. ते तिने इतकं नीट सांभाळलं की काका-काकूंना स्वतःचे मोजेही कुठे असतात ठाऊक नव्हतं.

खालच्या वाडीत आमारांते लुसेरो नावाचा म्हातारा होता. त्यालाही अशाच आकड्या यायच्या. काका म्हणायचे, दारू. आमारांतेने उभ्या जन्मात थेंब घेतला नव्हता, पण तो पाण्याची पाळी मोडायचा. काका पाटाचे कारभारी, त्यामुळे पाण्याची पाळी मोडणारा माणूस दारू पीत नाही हे त्यांना पटणं कठीण होतं. लुसेरो आणि आबेइता मुळात एकाच रक्ताचे, असं खालच्या वाडीतले लोक कधीकधी बोलायचे. काकांच्या कानावर ते गेलं की ते एकच वाक्य म्हणायचे: “गाढवाने घोड्याच्या तबेल्यात रात्र काढली म्हणून ते घोडा होत नाही.”

संत रुफिनाच्या सणाच्या जेवणाला एर्लिंडा मक्याचा गरम रस्सा वाढत होती. काका पाहुण्यांना कप्तानाच्या नातवापर्यंत घेऊन आले होते. मी तिच्याकडे बघत होते. तिचा हात बटणाकडे गेला, डाव्या हातातलं भांडं कललं, आणि सगळा रस्सा तिच्याच मनगटावरून वाहिला. ती हलली नाही. कातडी लाल होत गेली तरी ती ओठ चघळत उभी होती. भानावर आल्यावर तिने हाताकडे पाहिलं आणि मला विचारलं, “हे कुणाला भाजलं?”

दुसऱ्या दिवशी मी काकांना न विचारता आल्बुकर्कीच्या मोठ्या इस्पितळात फोन केला.

तिथे डॉक्टर ओलिव्हास म्हणून बाई होत्या. दक्षिणेकडच्या, स्पॅनिश आमच्यासारखीच बोलणाऱ्या, फक्त भराभर. त्यांनी एर्लिंडाला विचारलं, “गोळ्या नियमित घेता?” एर्लिंडा म्हणाली, “हो.” त्या म्हणाल्या, “बरं,” आणि पुढचा प्रश्न विचारला. एर्लिंडा माझ्याकडे बघू लागली. तिच्यावर कुणी असा सरळ विश्वास ठेवायची तिला सवयच नव्हती.

इतक्या गोळ्यांनी जे हटत नाही त्याचं मूळ शोधायला हवं, असं बाई म्हणाल्या. एर्लिंडाला दाखल केलं. डोक्याला तारा चिकटवल्या, खाटेसमोर कॅमेरा लावला, गोळ्या बंद केल्या. आता आकडी यायची आणि ती कुठून निघते ते यंत्राने टिपायचं. आकडी येईना. घरी आठवड्यात तीनदा न चुकता येणारी बया, इथे सगळे तिच्या वाटेकडे डोळे लावून बसले तर फिरकेना. रात्री झोपू दिलं नाही, तरी नाही. एर्लिंडा बिचारी नर्सची माफी मागू लागली.

“घरी येते हो,” ती म्हणायची. “खरंच येते.”

मग रविवारी काका-काकू भेटायला आले. काका हॅट मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या नवऱ्याने सहज विचारलं, “कुठले तुम्ही?” काकांनी घसा साफ केला. कप्तानाच्या बैलगाड्या नदी ओलांडत होत्या तेवढ्यात एर्लिंडा म्हणाली, “साखर जळतेय,” आणि तिचा हात गळ्याकडे गेला.

नर्स धावत आली. डॉक्टर ओलिव्हास आल्या. सगळ्यांचे चेहरे उजळले होते. काका घाबरून उठले तर नर्स त्यांना म्हणाली, “बसा, बसा, तुम्ही बोलत राहा.” त्यांना इतक्या आदराने कुणीच कधी असं सांगितलं नव्हतं.

नव्या मोठ्या यंत्रातून मेंदूचे फोटो निघाले. बाईंनी आम्हा चौघांना बसवून ते दाखवले. मेंदूत ठिकठिकाणी छोटे काळे ठिपके होते, आणि डाव्या कानाच्या वर, आत, एक मोठा गोळा.

“या रक्तवाहिन्यांच्या गाठी आहेत,” त्या म्हणाल्या. “जन्मतः भिंती पातळ, त्यामुळे फुगून एकत्र गोळा झालेल्या. पिकलेल्या तुतीसारख्या दिसतात. त्यांतून थेंब थेंब रक्त झिरपतं. त्या रक्तातलं लोह भोवती साठतं, मेंदूला ते खुपतं, आणि आकडी येते. या मोठ्या तुतीतून एर्लिंडाची आकडी निघते. जुन्या यंत्राला ही दिसत नसे. यात तिची चूक काही नाही.”

शेवटचं वाक्य त्या काकांकडे बघून बोलल्या.

“बाकीच्या?” एर्लिंडाने विचारलं.

“बाकीच्या गप्प आहेत. त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. पण इतक्या असल्या म्हणजे हे घराण्यातून आलेलं असतं. आई किंवा वडील.”

“तिच्या आईकडून,” काका म्हणाले. “मामा घोड्यावरून पडला होता.”

“तुम्ही आडनाव काय सांगितलंत?”

“आबेइता.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “या भागातल्या जुन्या घराण्यांमध्ये आम्हाला हे वरचेवर दिसतं. फार पूर्वी इथे आलेल्या कुणा एकाकडून पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेलं. तुम्ही रविवारी नर्सला कुणा कप्तानाबद्दल सांगत होता म्हणे?”

काकूने पहिल्यांदा मान वर केली.

काका-काकू दोघांचेही फोटो काढले, रक्तही तपासलं. काकूचा मेंदू धुतलेल्या ताटासारखा स्वच्छ निघाला. काकांच्या मेंदूत तुतींचं झाडच होतं. सत्तरी उलटलेली, आयुष्यात एकदाही आकडी नाही, साधं डोकंही कधी दुखलं नाही, आणि आत हे. ज्यांना असतं त्यांतल्या बऱ्याच जणांना कधीच काही होत नाही, असं बाई म्हणाल्या. मुलांना मात्र निम्मी शक्यता.

परतीच्या वाटेवर गाडी मी चालवत होते. काकू बायबल ऐकायला बसतात तशी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. मला वाटलं आता ही चाळीस वर्षांचं सगळं बाहेर काढणार.

“नार्सी,” ती म्हणाली, “पुढे त्या वळणावर आइस्क्रीम मिळतं. थांबव.”

तिने मोठा कप घेतला. सावकाश, शेवटच्या चमच्यापर्यंत खाल्ला. काका खिडकीतून बाहेर बघत होते. तिने तोंड पुसलं आणि म्हणाली, “माझा मामा प्यायलेला होता.”

“बरं,” काका म्हणाले.

गाडी पुन्हा निघाल्यावर काही वेळाने ते माझ्याशी बोलले. आवाज नेहमीचा नव्हता.

“एलिहियोला ऊन लागलं नव्हतं, नाही का?”

मी रस्त्याकडे बघत राहिले. “मार्च होता, काका.”

“मी त्याला म्हणालो होतो, नाटकं करू नकोस, ऊठ.” त्यांनी हॅट डोळ्यांवर ओढली. “धाकटा होता. नेहमी कामातून अंग काढायचा.”

घर येईपर्यंत ते हॅटखालीच होते. त्या दिवशी कप्तान आमच्या गाडीत नव्हता.

पण कप्तान फार दिवस दूर राहणाऱ्यांतला नव्हता. आठवडा दोन आठवडे काका गप्प फिरले, आणि मग एका सकाळी टपालवाल्याला अंगणात धरून ते सांगताना मी ऐकलं: “कागदपत्रं कुणीही करतो. आडनाव कुणीही लावतो. आमचं मेंदूतच आहे. आल्बुकर्कीला फोटो आहेत.” टपालवाल्याने विचारलं, दुखतं का? काका म्हणाले, “घराणं दुखत नसतं.”

पुढच्या तपासणीला मी त्यांना घेऊन गेले तेव्हा बाहेर भिंतीलगतच्या खुर्चीवर आमारांते लुसेरो बसला होता. सोबत त्याची सून. आमच्या वाडीतली बातमी ऐकून तिनेच त्याला आणलं होतं. काका दाराशी थबकले. दुसरी जागा नव्हती. मधे एक खुर्ची सोडून ते बसले.

“पाणी सोडून आलास की अडवून?” काकांनी समोरच्या भिंतीला विचारलं.

“सोडून,” आमारांतेने त्याच भिंतीला उत्तर दिलं. “डॉक्टरीणबाई म्हणतात, मलाही तेच आहे. रक्त तपासलं. रक्तातला दोष तुमचा नि आमचा अक्षर न्‌ अक्षर सारखा.”

“तसा फार जणांचा असतो.”

“फार जणांचा एकाच माणसापासून आलेला असतो, असंही म्हणाल्या.” आमारांते जरा सरकून मधल्या खुर्चीवर आला. “काय मग, भाऊबंद?”

भाऊबंद म्हणजे भांडण आलंच, आणि ते तर तीस वर्षं चालूच होतं; फक्त त्याला आता नाव मिळालं. काकांनी हळूच विचारलं, “तुझ्या किती आहेत?”

आमारांतेने आकडा सांगितला. काकांच्या दुप्पट होता.

मी काकांचा चेहरा माझ्या आयुष्यात इतका पडलेला पाहिला नव्हता. आत गेल्यावर त्यांनी बाईंना विचारलं की मोजण्यात काही चूक होऊ शकते का. बाईंना वाटलं ते काळजीपोटी विचारताहेत. त्या म्हणाल्या, “वय वाढतं तशा नव्याही होऊ शकतात.” काकांना थोडा धीर आला.

एर्लिंडाचं ऑपरेशन करायचं की नाही, यावर घरात मोठी बैठक झाली. सगळ्या तुती काढता येत नाहीत, पण ती एक, जी गोंधळ घालते, ती भोवतालच्या डागासकट काढता येते. धोका होता. बोलण्याची जागा तिच्या शेजारीच. काका म्हणाले, नको. आधी म्हणाले भीती वाटते, आणि ते खरं होतं. मग म्हणाले, “चारशे वर्षं टिकलेली गोष्ट आहे. आपल्या हाताने काढून फेकायची?” हेही, काय सांगू, खरंच होतं.

एर्लिंडा भाजलेल्या मनगटावरचा डाग चोळत होती.

“बाबा, कप्तान वीस वर्षं माझ्या डोक्यात बसलाय,” ती म्हणाली. “त्याने माझं लग्न मोडलं. माझा हात भाजला. तो तुमचा पूर्वज असेल. मला त्याला बाहेर काढायचंय.”

“अगं, पण बोलणं गेलं तर?”

“या घरात तसंही मला कुठे बोलायला मिळतं?”

काकू उठली आणि तिने एर्लिंडाच्या इस्पितळाच्या पिशवीत दोन गाऊन भरले. बैठक तिथे संपली.

ऑपरेशनला आम्ही पाच तास बाहेर बसलो. आमारांतेची सून घरून मक्याच्या पानात उकडलेले मिरचीचे तामाले घेऊन आली. काकांनी ते नाकारले नाहीत. शल्यविशारद बाहेर आला तेव्हा सगळ्यांत आधी उभे राहिले तेही काकाच, आणि मी त्यांचा कोट मागून धरून ठेवला.

एर्लिंडा शुद्धीवर आली. आम्हाला ओळखलं. पण शब्द हरवले होते. चमच्याला ‘ते खायचं’ म्हणायची, मला ‘बसवाली’. बाई म्हणाल्या, येतील, वेळ लागेल. आणि आले हळूहळू. आधी भाज्या आल्या, मग भांडी, मग माणसं. दोन महिन्यांनी तिने काकूला ‘उबाल्दिना’ अशी नावाने हाक मारून चेष्टा केली आणि काकू एप्रनला डोळे पुसत हसली.

एक गोष्ट मात्र परत आली नाही. जन्मभर रोज कानावर पडलेली ती वंशावळ तिच्या डोक्यातून साफ गेली होती. काका रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसून शिकवू लागले.

“कप्तान खेरोनिमोचा मुलगा?”

“माहीत नाही.”

“बालतासार. म्हण.”

“बालतासार.”

“बालतासारचा?”

ती शांतपणे खिडकीतून बाहेर बघायची. “बाबा, तुम्हाला आठवतंय ना? मग झालं.”

डॉक्टर ओलिव्हासना मी विचारलं, फक्त तेवढंच कसं पुसलं गेलं? त्या म्हणाल्या, ऑपरेशनचं असं नेमकं सांगता येत नाही. एर्लिंडाला विचारलं तर ती म्हणाली, “मलाही नेमकं सांगता येत नाही,” आणि इतकी हसली की मी पुढे काही विचारलं नाही.

वर्ष गेलं, आकडी आली नाही. एकच गोळी उरली. दुसऱ्या वर्षी मी तिला माझ्या जुन्या गाडीवर शाळेमागच्या मैदानात शिकवलं. ती चांगली चालवते, जरा जोरात. त्याच उन्हाळ्यात तिला आल्बुकर्की शहराबाहेरच्या एका रोपवाटिकेत काम मिळालं, आणि तिने तिथे खोली घेतली.

काकांनी हे ऐकलं तेव्हा ते ताटावर होते. “बरी झालीस म्हणून जाणार?” त्यांनी विचारलं.

“बरी झाल्यावर लोक जातात, बाबा. आजारी माणसं राहतात.”

ती गेली तेव्हा काकांना मोजे सापडेनात. काकूलाही सापडले नाहीत, पण काकूने ते फारसे शोधलेही नाहीत. पहिल्या हिवाळ्यातच ती महिनाभर लेकीकडे राहायला गेली, रोपांना पाणी घालायला. तो महिना काका माझ्याकडे जेवायला यायचे, आणि कधीकधी त्यांच्यासोबत आमारांतेही. दोघं पाण्यावरून भांडत जेवायचे. जेवण झाल्यावर डॉक्टरांनी नव्या फोटोत काय पाहिलं ते एकमेकांना सांगायचे, द्राक्षांच्या पिकाबद्दल बोलावं तसे.

माझी तपासणी मी लांबणीवर टाकत होते. माझ्या वडिलांना होतं हे आता सगळे धरून चालले होते, म्हणजे माझीही निम्मी शक्यता. मागे चाळीस मुलं बसवून डोंगरावरून बस नेणाऱ्या बाईने हे माहीत करून घ्यायला हवं, एवढं मला कळत होतं. तरी मी गेले नाही. मग एका सकाळी बस सुरू करून निघण्याआधी मला कुठूनसा जळका वास आला आणि मी इंजिन बंद करून खाली उतरले. वास इंजिनाचा होता, पट्टा घासत होता. पण मी त्याच दुपारी फोन केला.

रक्त दिलं, फोटो काढला. डॉक्टर ओलिव्हास स्वतः बाहेर आल्या. “काही नाही,” त्या म्हणाल्या. “रक्तातही नाही, फोटोतही नाही. तुमच्यापर्यंत पोचलंच नाही. तुमच्याकडून पुढेही कुणाकडे जाणार नाही.”

मी त्यांचे आभार मानले, गाडीत येऊन बसले आणि रडले. आनंदाने रडत असेन. वडिलांच्या चेहऱ्याचं मला फारसं काही आठवत नाही. फक्त कोट आणि फावडं. त्यांच्याकडून आलेली एकमेव गोष्ट माझ्यात असेल असं इतके दिवस वाटत होतं, आणि तीही नव्हती. असं वाटणं वेडेपणाचं आहे हे मला तेव्हाही कळत होतं.

घरी आले तेव्हा काका फाटकाशीच उभे होते. मी सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, अगदी हलका, जणू आत काही मोडण्यासारखं आहे.

“वाईट वाटून घेऊ नकोस, पोरी,” ते म्हणाले. “तू आमचीच आहेस. मी कुणाला सांगणार नाही.”